अक्कलदाढ निघाली, आभार राहिले

शनिवारी माझी अक्कलदाढ निघाली. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल; पण ड्रिलचा नुसता आवाज आला तरी वेटिंग रूममधून पळ काढणारी बाई मी.

भूल देणाऱ्या डॉक्टरताईंनी आधीच समजावलं होतं: ही पूर्ण भूल नाही, हाक मारली तर ओ द्याल, फक्त धास्ती उरणार नाही. सहा तास पोटात काही नाही. हाताच्या शिरेत मिडाझोलाम हे गुंगीचं औषध, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. त्याची टिकटिक ऐकू येत होती, पुढचं फारसं आठवत नाही. हिरडी बधीर करायचं इंजेक्शन तरीही द्यावंच लागतं. ते कधी दिलं, मला पत्ताच नाही.

नावं विचारायची मात्र राहून गेली. शीर शोधताना आपला अंगठा माझ्या मुठीत देणाऱ्या मावशी. माझ्या नखांचे वळ नक्की उठले असणार. सोबत माणूस असल्याशिवाय घरी सोडत नाहीत, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून आलेले समोरचे काका. मी बरळत असताना खड्डे चुकवत हळू रिक्षा नेणारे दादा. सगळ्यांचे मनापासून आभार.

मावशी, शुक्रवारी टाके काढायला येतेय. अंगठा जपा.