ताई, आम्हाला एकत्र प्रार्थना करायला शिकवलंत म्हणून

ख्रिस्तात प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

समोर येऊन आभार मानले तर ‘देवाचे आभार मान’ म्हणून तुम्ही विषय संपवाल, म्हणून हे जाहीर पत्र. त्याचे आभार रोज मानते. पण आमच्या मंडळीत दोन गट पडले, एकाच उपासनेला येऊनही माणसं एकमेकांकडे न बघता परतू लागली, तेव्हा दोन्हीकडच्यांबरोबर बसून राहिलात त्या तुम्ही.

समेटाच्या बैठका झाल्याच होत्या. प्रत्येक बैठकीची सुरुवात प्रार्थनेने व्हायची आणि भांडणही तिथेच सुरू व्हायचं. ‘प्रभू, गर्विष्ठांना नम्र कर’ असं कुणी म्हटलं, की रोख कुणावर आहे हे सगळ्यांना कळायचं. तुम्ही सर्वांत आधी हेच थांबवलंत. प्रार्थना देवाशी करायची, समोरच्याला ऐकवायला नाही. ती लहान ठेवायची. आणि स्वतःसाठी काही मागण्याआधी, ज्याच्याशी पटत नाही त्याची गरज त्यालाच विचारायची आणि ती देवापुढे मांडायची. हे शेवटचं फार जड गेलं, कारण विचारायचं म्हणजे आधी बोलायला हवं! पण ज्याच्या आईच्या शस्त्रक्रियेसाठी आपण आठवडाभर गुडघे टेकले, त्याच्याशी वाद घालताना आवाज आपोआप खाली येतो. सगळे मतभेद मिटले असं नाही, काही आजही आहेत. बायबलमधले सुरुवातीचे प्रेषित पौल आणि बर्णबा त्यांचा सोबती मार्क याच्यावरून वाद होऊन वेगळे झाले, आणि पुढे त्याच मार्काला पौलाने ‘सेवेसाठी उपयोगी’ म्हणून बोलावून घेतलं, याची आठवण तुम्हीच करून दिलीत. घाई मात्र कुणालाच केली नाहीत.

मग तुम्ही आम्हाला मंडळीच्या बाहेर नेलंत. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह. अमेरिकेतले धर्मगुरू पॉल वॉटसन यांनी तो १९०८ मध्ये सुरू केला, आणि १९६८ पासून त्यासाठीचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात, हे तुमच्याकडूनच कळलं. पहिल्या संध्याकाळी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हटली. ‘आम्हाला वाइटापासून सोडव’ इथे कॅथलिक बंधुभगिनी थांबले, आम्ही सवयीने ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढे गेलो आणि बावरून गप्प झालो. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की त्या ओळींचा आशय मिस्सामध्येही, म्हणजे कॅथलिक उपासनेतही आहे, फक्त मध्ये धर्मगुरूंची एक प्रार्थना येते. मग त्या ओळी सर्वांनी एका आवाजात म्हटल्या. इतकी वर्षं एकाच गावात राहून आम्हाला एकमेकांच्या प्रार्थना माहीत नव्हत्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस एकत्र घेण्याचा प्रश्न तुम्ही गोड बोलून झाकला नाहीत. सगळे अजून एका मेजाशी येऊ शकत नाहीत, आणि त्याचं दुःख आपल्याला व्हायलाच हवं, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात. त्याच वेळी फ्रान्सचे धर्मगुरू पॉल कुतुरिए यांनी १९३० च्या दशकात या सप्ताहाला दिलेली दिशा समजावलीत: ऐक्य ख्रिस्ताला हवं तसं आणि त्याला हव्या त्या मार्गाने यावं. दुसऱ्याने आपल्यासारखं व्हावं, असं मागणं त्यात नाही. ‘त्यांनी सर्व एक व्हावे’ हे प्रभूनेही वधस्तंभाच्या आदल्या रात्री पित्याकडे मागितलं होतं. तोवर मी ऐक्य म्हणजे माणसांनी करायची तडजोड समजत होते.

तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात तरी साप्ताहिक प्रार्थनासभा चालू आहे. प्रार्थनेच्या विषयांत तुमची तब्येत आहेच. आणखी काही असेल तर नक्की कळवा. दोन्हीकडची माणसं मिळून मागतील.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतील एक बहीण