बाबासाहेबांच्या पेन्सिलीच्या खुणा वाचवायच्या आहेत

सप्रेम जय भीम!

१९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेब मायदेशी निघाले. पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्ध पेटलेलं, जर्मन पाणबुडीने ती बोटच बुडवली. नुकसानभरपाई मिळाली ६०० रुपये. पुन्हा एकेक पुस्तक जमवत गेले आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. तो संग्रह पन्नास हजारांच्या घरात गेला, असं सांगतात. त्यातली बरीच पुस्तकं आज मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत.

छापील मजकूर दुसरीकडेही मिळेल. मिळणार नाहीत त्या समासातल्या खुणा. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या वर्गात ते बसले, त्या तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या पुस्तकांवर बाबासाहेबांच्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. वाचता वाचता ते कुठे थांबले, हे त्या रेघाच सांगतात. साध्या झेरॉक्समध्ये लाल काय न् निळी काय, दोन्ही करड्याच. म्हणून आमचा आग्रह रंगीत स्कॅनिंगचा, आणि तोही कोऱ्या पानांसकट.

त्या काळचा कागद आम्लामुळे तांबूस आणि ठिसूळ होतो. कोपरा उलटावा तर तुकडा हातात येतो. त्यात मुंबईचा पावसाळा आणि पुस्तकं खाणारी कसर. असं पुस्तक काचेवर पालथं दाबलं की शिवण उसवलीच. ते अर्धवट उघडं ठेवून वरून फोटो घेणारं यंत्र लागतं, आम्लविरहित खोकी लागतात, फाटक्या पानांना जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, लागतो. आमच्या अभ्यासमंडळाला यासाठी निधी उभारायचा आहे. काम होईल ते पुस्तकं सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवानगीने आणि त्यांच्याच छताखाली.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपण पिशवी भरून पुस्तकं घेतो. यंदा त्यातल्या एका पुस्तकाइतकी रक्कम या कामाला द्या. पावती जागेवरच मिळेल. पैसे जमत नसतील तर रविवारचे चार तास द्या. जुन्या बायंडरांची तर आम्ही वाटच पाहतोय.

आणखी एक. बाबासाहेबांची सही किंवा खूण असलेलं पुस्तक कुणाच्या घरी असेल, तर ते आम्हाला देऊन टाकू नका. एक दिवस घेऊन या, तुमच्यासमोर स्कॅन करू, संध्याकाळी परत घेऊन जा. तोवर कृपा करून त्याला सेलोटेप लावू नका.