जर्मनीत आधी पत्रपेटीवर आडनाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळी सत्रासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात महाराष्ट्रातली बरीच मुले जर्मनीला जातात. त्या सुमारास ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे खाते), आरोग्य विमा, थंडीचे कपडे यांवर भरपूर छापून येते, टपालाबद्दल क्वचितच. तिथली पहिल्या दोन महिन्यांतली महत्त्वाची कागदपत्रे मात्र अजूनही टपालानेच येतात, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर, विंग, सोसायटी आणि अमक्या देवळासमोर. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच. नाव, रस्ता, इमारतीचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड, शहर, एवढेच. इमारतीत वीस बिऱ्हाडे असली तरी पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र ‘पत्त्यावर सापडत नाही’ अशा शेऱ्यानिशी परत जाते. त्यामुळे किल्ली हातात पडेल त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलच्या पाटीवर आडनाव लागलेच पाहिजे. पक्की पाटी घरमालक किंवा इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर सावकाश बसवील. तोवर कागदाची पट्टी आणि पारदर्शक चिकटपट्टी पुरते. दुसऱ्याच्या घरात एक खोली घेतली असेल आणि पेटीवर नाव लावता येत नसेल, तर प्रत्येक ठिकाणी पत्ता देताना आपल्या नावाखाली ‘केअर ऑफ’ लिहून मूळ भाडेकरूचे आडनाव द्यावे.

मराठी नावांचा इथे आणखी एक घोळ होतो. आपल्या पासपोर्टांत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडलेले असते. मग विद्यापीठात एक नाव, बँकेत दुसरे, भाडेकरारात तिसरे अशी गत होते. पेटीवर पासपोर्टातलेच आडनाव, त्याच स्पेलिंगने हवे. लग्नानंतर पत्नीच्या पासपोर्टात माहेरचे आडनाव राहिले असेल तर दोन्ही आडनावे लावावीत. नवरा-बायको एकाच घरात राहतात हे पोस्टमनला आपोआप कळत नाही.

नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यानंतर 11 आकडी कर ओळख क्रमांक टपालाने येतो. तो हरवला तर फोनवर किंवा ई-मेलने मिळत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा नोंदलेल्या पत्त्यावर पत्र. अर्धवेळ नोकरी धरलेल्या मुलाने तो कंपनीला दिला नाही, तर पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त, कर कापला जाऊ शकतो. बँकेचे कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतात. विम्याचे कार्डही टपालाने येते. रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचे पत्रही येते: दर घराला महिना 18.36 युरो, माणशी नव्हे. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकजण भरत असेल तर बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक उत्तरात कळवायचा असतो. जाहिरात समजून हे पत्र टाकून दिले की दंडासकट वसुली मागे लागते.

पिवळ्या पाकिटाबद्दल तर प्रत्येकाला सांगूनच पाठवायला हवे. न्यायालये आणि सरकारी कार्यालये ते पाठवतात. पोस्टमन त्यावर तारीख लिहून पेटीत टाकतो आणि त्याच दिवशी ते कायद्याने ‘मिळाले’ असे धरले जाते. सही लागत नाही. तुम्ही तेव्हा सुट्टीसाठी नाशिकला असलात तरी मुदत सुरू होते. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला फक्त दोन आठवडे असतात. म्हणून ते पाकीट फेकू नये, तारीख त्याच्यावरच असते. सरकारी निर्णय साध्या टपालाने आला तर पाठवल्यापासून चौथ्या दिवशी मिळाला असे मानतात. 2024 अखेरपर्यंत तिसरा दिवस धरत.

महिनाभर भारतात यायचे असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी टपाल राखून ठेवण्याची सशुल्क सेवा घ्यावी, नाहीतर विश्वासू शेजाऱ्याकडे पेटीची किल्ली द्यावी. घर बदलल्यास टपाल नव्या पत्त्यावर वळवून घेण्याची सोय आहे, पण बँक कार्डासारख्या काही पाकिटांवर ‘पुढे पाठवू नये’ अशी सूचना असते आणि ती परतच जातात. बँकेला, विम्याला, विद्यापीठाला स्वतः कळवण्याला पर्याय नाही.

आता इथल्या आई-वडिलांसाठी. दिवाळीचा फराळ पाठवताना सीमाशुल्काचा फॉर्म ‘खाद्यपदार्थ’ एवढ्यावर भागवू नये. चकली, चिवडा, शंकरपाळे असे एकेक नाव, वजन आणि खरी किंमत लिहावी. शून्य किंमत लिहिली की पार्सल अडकलेच म्हणून समजा. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली भेटवस्तू 45 युरोंपर्यंत करमुक्त असते. मिठाईच्या दुकानाने स्वतःच्या नावाने थेट पाठवलेला डबा मात्र भेट धरला जात नाही. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून टपालाने पाठवायला बंदी आहे. त्यामुळे तूप, पेढे, खव्याची बर्फी नको. ताज्या कढीपत्त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, घरगुती पार्सलात ते कुठून असणार? तो जप्त होतो. चकलीच्या पुड्यांत एक तुपाचा डबा घातला तर सगळेच पार्सल तपासणीत थांबते.

औषधांचे तर अजिबात पार्सल करू नये. भारतातून खासगी माणसाने टपालाने औषधे मागवणे जर्मनीत बेकायदा आहे, मग ती रक्तदाबाची असोत की साधी तापाची. स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीन महिन्यांची, औषधे प्रवासाच्या सामानातून नेता येतात. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ठेवावी. पुढची औषधे तिथल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावीत, त्यासाठी जाण्याआधी औषधांची मूळ रासायनिक नावे कागदावर उतरवून घ्यावीत. आपल्याकडची ब्रँडनावे तिथे कोणी ओळखत नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या शिक्षणविषयक पानावर एवढा मजकूर तरी द्यावा, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, पुणे