बॅकहँड म्हणजे कच्ची बाजू नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा क्रीडा पानावर एका बॅडमिंटन मॅचच्या बातमीत बॅकहँड म्हणजे 'डाव्या बाजूचा फटका' असं छापून आलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. डावं-उजवं असं काही नसतं हो त्यात. हाताची मागची बाजू, म्हणजे बोटांचे सांधे शटलकडे करून मारलेला फटका तो बॅकहँड. लिन डॅन किंवा कॅरोलिना मरिन हे बॅडमिंटनचे मोठे खेळाडू डावखुरे आहेत, त्यांचा बॅकहँड उजवीकडे येतो. आणि बॅकहँड सर्व्हिसला तर शटल पोटासमोर धरलेलं असतं, मग तिला कुठली बाजू म्हणणार?

पण बातमीपेक्षा जास्त वाईट वाटतं ते आपल्याकडच्या हॉलवर. सांगली काय नि मिरज काय, संध्याकाळी कुठंही जाऊन बसा, गॅलरीतून पालक ओरडत असतात "बॅकहँडला दे, बॅकहँडला दे!" मग ज्या पोराकडे शटल येतं त्यालाही वाटायला लागतं की ही आपली कच्ची बाजू, आणि ते जिवाच्या आकांतानं फिरून, वाकडं होऊन फोरहँडनंच, म्हणजे तळहाताच्या बाजूनंच मारतं. राऊंड द हेड, म्हणजे हात डोक्यावरून फिरवून मारलेला हा फोरहँड, वाईट नाही, वेळ असेल तर तोच मारावा, त्यातून स्मॅशही करता येतो. पण उशीर झाला, शटल अंगाच्या मागं गेलं, तर नेटकडे पाठ करून मारलेला बॅकहँड टॉस (उंच, मागं मारलेला) किंवा ड्रॉपच (नेटजवळ अलगद टाकलेला) वाचवतो, आणि तो आधी शिकवलेलाच नसेल तर पोरगं ऐनवेळी कुठून आणणार?

शिकवायचं म्हटलं तर सुरुवात अंगठ्यापासून आहे. नेटजवळ आणि डिफेन्सला अंगठा रॅकेटच्या दांड्याच्या रुंद सपाट बाजूवर टेकवायचा, बाकीची बोटं सैल, आणि शटल लागताना फक्त आवळायचं. लहान पोरं सगळा वेळ मूठ घट्ट धरतात, तिथंच जोर मरतो. मागच्या कोपऱ्यातून मारताना अंगठा थोडा सरकवून कडेवर घ्यावा लागतो, नाहीतर रॅकेट मोकळी फिरतच नाही. लोक म्हणतात मनगटाचा झटका द्या, पण खरं काम कोपराखालच्या हाताचं आहे, कुलपात किल्ली फिरवताना हात जसा वळतो तसा तो वळतो. हे दाखवायला पाच मिनिटं लागतात, अंगवळणी पडायला महिने जातात, म्हणून तर लहानपणीच सुरू करायला पाहिजे.

आणि उपयोग किती! स्मॅश सरळ अंगावर आला की बॅकहँडनं पोटापासून छातीपर्यंतचं बरंच काही झाकता येतं, फोरहँडनं हात अंगाशीच अडकतो. म्हणून डबल्समधे डिफेन्सला उभे असलेले खेळाडू बघा, रॅकेट पुढं आणि ग्रिप बॅकहँडची. शॉर्ट सर्व्हिसही आता बहुतेक सगळे मोठे खेळाडू बॅकहँडनंच करतात कारण हात थोडाच हलतो, समोरच्याला अंदाज येत नाही, आणि शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली ठेवायचा जो नियम आहे तोही सांभाळता येतो. अथेन्स ऑलिंपिकला २००४ साली सुवर्ण जिंकणाऱ्या इंडोनेशियाच्या तौफिक हिदायतचा बॅकहँड स्मॅश तर लोक अजून काढून बघतात, लोक ज्याला कच्ची बाजू म्हणतात तिथून तो पॉइंट घ्यायचा.

नंदू नाटेकर १९३३ साली आपल्या सांगलीतच जन्मले. १९५६ ला क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनमधून पहिला त्यांनाच मिळाला. लाकडी रॅकेटच्या जमान्यात तो माणूस मनगटाच्या नजाकतीसाठी ओळखला जायचा. त्यांच्या गावातल्या पोरांना अर्धाच खेळ शिकवला जावा हे मला पटत नाही.

तर विनंती दोनच. एक, पुढच्या वेळी बॅकहँडचा अर्थ नीट छापा. दुसरं, उन्हाळी शिबिरं सुरू व्हायच्या आधी आपल्या पानावर जिल्ह्यातल्या एखाद्या जाणत्या कोचकडून बॅकहँडच्या ग्रिपवर फोटोसकट अर्धा कॉलम लिहून घ्या, अंगठा कुठं टेकवायचा हे दिसेल असा मोठा फोटो टाका, म्हणजे पालकही बघतील.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली