जेम्सटाउनचा तंबाखू

रिचमंड, व्हर्जिनिया
१२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

नायगारा बघितला का म्हणून तू तीनदा विचारलंस. नाही बघितला. पण परवा जे बघून आलो ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, आणि व्हॉट्सॅपवर एवढं टंकायला बोटं चालत नाहीत, म्हणून हे पत्र.

लेकीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जेम्सटाउन आहे. इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत, साल १६०७. मूळ जागेच्या शेजारीच सरकारने जुन्यासारखा लाकडी किल्ला उभा केलाय. तिथल्या एका झोपडीत शिरलो आणि पाय थबकले. आढ्याला तंबाखूची पानं वाळत टांगलेली. तंबाखूच्या वखारीतनं संध्याकाळी घरी आल्यावर आईच्या लुगड्याला यायचा तोच वास. सातासमुद्रापार, लेका! जावई म्हणाला, "बाबा, काय झालं?" त्याला काय सांगणार.

ही जागा सोन्याच्या आशेनं वसवली होती. तीन जहाजांतून १०४ पुरुष आणि पोरं उतरली. पाठवणारी लंडनची व्हर्जिनिया कंपनी. तिचा कारभार बघणारा सर थॉमस स्माइथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर! म्हणजे पुढे सुरतेला वखार घालणारी कंपनी आणि ही, दोन्हीचं सूत्र एकाच सावकाराच्या हातात. सोनं तर नव्हतंच. नदीचं पाणी मचूळ, त्यात झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून आता कळलंय की तो काळ भयंकर दुष्काळाचा होता. १६०९-१० च्या हिवाळ्यात शेकडो माणसांतली साठेक उरली. तिथल्या संग्रहालयात चौदा वर्षांच्या एका इंग्रज पोरीची कवटी आहे, २०१२ साली उकिरड्यातनं निघालेली. तिच्यावर सुरीचे घाव आहेत. मेल्यावर तिला खाल्लं होतं. मी काचेपुढे फार वेळ थांबलो नाही.

ज्यांच्या मक्यावर उरलेले जगले, ती माणसं पॉव्हॅटन. तीसेक जमातींचा मोठा मुलूख, त्यांचा प्रमुख वाहुनसेनाकाव. नदीकाठची गाळाची रानं त्यांची. आधी मका मण्यांच्या आणि तांब्याच्या बदल्यात मिळायचा; पुढे इंग्रज बंदूक दाखवून न्यायला लागले.

मग जॉन रॉल्फ नावाच्या इंग्रजानं कॅरिबियन बेटांवरचं गोड तंबाखूचं बी आणून लावलं. इथला देशी तंबाखू फार कडक, लंडनच्या गिऱ्हाइकाला तो रुचेना. १६१४ मध्ये रॉल्फचं प्रमुखाच्या मुलीशी, पोकाहॉन्टसशी लग्न झालं. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्रजांनी तिला पळवून ओलीस ठेवलं होतं, ही गोष्ट पोरांच्या चित्रपटात नसते. १६१७ ला ती इंग्लंडात वारली, जेमतेम विशीतली. तिचा पुतळा आहे इथं. येणारे जाणारे हात हातात घेऊन फोटो काढतात, म्हणून दोन्ही तळवे पितळेच्या देवासारखे लखलखतात आणि बाकीचं अंग काळपट.

तंबाखूचं पुढचं तुला सांगायला नको, तुझ्या घरात तीन पिढ्या तेच झालं. त्याच १६१७ साली नवा गव्हर्नर आला तेव्हा बाजारपेठेत आणि गल्ल्यांत तंबाखू लावलेला त्याला दिसला! भिंती पडताहेत, पण तंबाखू मात्र जोमात. आधी मका लावा, असे हुकूम काढावे लागले. नाण्यांऐवजी तंबाखूनंच व्यवहार चालायचा. पाद्र्याचा पगार तंबाखूत, दंड तंबाखूत. कंपनीनं लग्नासाठी बायका धाडल्या, तर १६२१ ला एकीमागे दीडशे पौंड वजनाच्या उत्तम पानाचा खर्च नवऱ्यानं भरायचा. आणि भाव? काही वर्षांतच शिलिंगावरनं पेनीवर आला. मग आणखी लावा. व्यापारी लंडनला, शेतकरी इथं. आपण तंबाखूच्या भावासाठी १९८१ ला निपाणीत हायवेवर बैलगाड्या लावून बसलो होतो, गोळीबारात माणसं गेली, ते सगळं मला त्या झोपडीत आठवलं.

पण इथं आपल्यापेक्षा एक गोष्ट वेगळी घडली, आणि मला तेच तुला सांगायचंय. तंबाखू तीन-चार वर्षांत रान चोखून टाकतो, म्हणून सारखी नवी जमीन पाहिजे. ती पॉव्हॅटनांची. आणि लावणी, शेंडे खुडणं, बगलफूट काढणं, याला हात पाहिजेत. कंपनीनं काढलेली युक्ती बघ: जो माणूस दुसऱ्याचं जहाजभाडं भरून त्याला इकडे आणील, त्याला माणसामागे ५० एकर. म्हणजे मजूर आणा आणि वर जमीनही घ्या. इंग्लंडातली गरीब पोरं चार ते सात वर्षांच्या करारावर यायची. पुष्कळ पहिल्याच वर्षी तापानं मरायची, पण ५० एकर धन्याचे ते धन्याचेच.

१६२२ च्या मार्चमध्ये पॉव्हॅटनांनी एका सकाळी ३४७ इंग्रज मारले. जमीन किती झपाट्यानं चालली होती ते पाहिलं तर नवल वाटत नाही. इंग्रजांना मात्र त्यानंतर कसलीच भीडभाड उरली नाही.

त्याआधी, १६१९ च्या ऑगस्टअखेर, वीसेक आफ्रिकन माणसं या किनाऱ्यावर उतरवली गेली. लुआंडाहून मेक्सिकोकडे निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरनं इंग्रज चाच्यांनी ती लुटली होती, आणि इथं शिध्याच्या बदल्यात दिली. महिनाभर आधी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतीची पहिली निवडलेली सभा भरली होती. त्या सभेचा इथं केवढा अभिमान! पाटीवर पाटी.

गंमत अशी की सुरुवातीला काळा म्हणजे जन्माचा गुलाम, असं कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं. ते हळूहळू लिहिलं गेलं. १६४० ला तीन नोकर एकाच धन्याकडनं पळाले, मेरीलँडात धरले गेले. एक डच, एक स्कॉट, एक काळा, जॉन पंच. तिघांना तीस-तीस फटके. दोघांची नोकरी चार वर्षांनी वाढली. जॉन पंचला मात्र मरेपर्यंत राबायची शिक्षा. गुन्हा तोच, रात्र तीच, वाट तीच.

मग एलिझाबेथ की नावाची बाई. आई आफ्रिकन, बाप इंग्रज, स्वतः बाप्तिस्मा झालेली. ती १६५६ ला कोर्टात लढून गुलामीतनं सुटली. सहा वर्षांत सभेनं कायदा केला: मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे धन्यानं गुलाम बाईला पोर दिलं तर ते पोर त्याच्याच मालमत्तेत जमा. १६६७ ला दुसरा कायदा: बाप्तिस्म्यानं गुलामी सुटत नाही. एकीला वाट सापडली की दोन्ही बाजूंनी बांध घालायचा! हे करणारे कोण, तर चर्चमध्ये प्रार्थना म्हणून कामाला बसणारे शिष्ट लोक. बंदुकीपेक्षा मला त्यांच्या दौत-टाकाचीच जास्त धास्ती वाटली.

१६७६ ला नॅथॅनियल बेकन या मळेवाल्याचं गव्हर्नरविरुद्ध बंड झालं. त्यानं आधी मित्र असलेल्या जमातींवरच हल्ला केला, तेव्हा त्याला नायक करायला मी तयार नाही. पण त्याच्या बाजूनं गोरे नोकर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून लढले, जेम्सटाउन जाळलं. शेवटी हत्यारं टाकायला नकार देणाऱ्यांत ८० काळे आणि २० इंग्रज नोकर होते. मळेवाल्यांच्या पोटात गोळा आला असणार. १७०५ च्या कायद्यात गोऱ्या नोकराला करार संपल्यावर मका, पैसे, बंदूक. आणि न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय त्याला उघडा करून फटके मारायचे नाहीत. काळ्याला त्यातलं काही नाही. गोऱ्या गरिबाला उघड्या पाठीवर फटके न खाण्याचा मान दिला आणि त्याला काळ्यापासनं तोडला. आपल्याकडच्या माणसाला ही चाल ओळखायला वेळ लागत नाही, लागतो का?

पॉव्हॅटन संपले असं मी समजत होतो. नाही. १६७७ च्या तहाप्रमाणे पामंकी आणि मॅटापोनाय जमातीची माणसं अजून दरवर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी, गव्हर्नरच्या दारात हरण आणून देतात. इथंच, रिचमंडमध्ये. साडेतीनशे वर्षं होत आली. त्यांनी तह पाळला. जावयाला सांगून ठेवलंय, त्या दिवशी रजा टाक.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत येतोय. तुझ्यासाठी इथला तंबाखू आणणार नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते वहिनींनी मला कळवलंय.

तुझा,
दत्ता