काळजाच्या जागी काळीज

गावाहून, वैशाख वद्य पंचमी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एसटीच्या पार्सलने पाठवलेली तुझी वही मिळाली. तू आणि तुझ्या मैत्रिणींनी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळावरच्या इंग्रजी मालिकेतल्या व्हल्कन नावाच्या परग्रहावरील लोकांच्या शरीरातील अवयवांची चित्रे काढून, जिथे मालिकेने काही सांगितलेले नाही तिथे आपापले तर्क निरनिराळ्या शाईने लिहिले आहेत, आणि शेवटच्या पानावर “बाबा, हे असे असू शकते का?” असा प्रश्न विचारला आहे. दिवाळीत तू लॅपटॉपवर दाखवलेले भाग मला आठवतात. उत्तर मात्र तुझा बाप ज्या नोकरीत एकतीस वर्षे ढोरांची शवविच्छेदने करत हिंडला, त्या अनुभवातूनच येईल, हे गृहीत धर.

सुरुवात हृदयापासून करतो, कारण तिथेच तुमच्यात सर्वांत जास्त खाडाखोड झाली आहे. माणसाचे यकृत असते त्या जागी स्पॉक या व्हल्कन पात्राचे हृदय आहे, असे मालिका सांगते. आपल्या भाषेने हा घोटाळा फार पूर्वीच करून ठेवला आहे. खाटिकाकडे काळीज मागितले तर तो यकृत तोलून देतो आणि घरी कोणाचे काळीज धडधडले तर आपण छातीवर हात ठेवतो. पण तू हृदय उचलून बरगड्यांच्या खाली उजवीकडे ठेवलेस आणि मधला पडदा, म्हणजे श्वासपटल, होता तिथेच राहू दिलास. हृदय ही फळीवरची बरणी नव्हे. ते पडद्याखाली गेले की फुप्फुसाकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या सगळ्या मोठ्या नळ्यांना पडदा भेदून जावे लागेल, आणि प्रत्येक श्वासाला तो पडदा खाली येऊन हृदयाला रेटेल. त्या पडद्याच्या दोन बाजूंना किती थोडे अंतर असते, ते मी गायींमध्ये पाहिले आहे. गाय चाऱ्याबरोबर तारेचा तुकडा गिळते, तो पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीत, जाऊन बसतो, पुढे पडदा भेदतो आणि थेट हृदयाच्या पिशवीत शिरतो. गळ्याखालची पोळी सुजलेली, मानेची शीर दोरीसारखी फुगलेली, आणि उतारावरून चालताना कण्हणारी अशी गाय पुढ्यात आली की मालकाला काय सांगावे हे मला कधीच सुचले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, पडदाच काढून टाक. असा प्राणी आपल्या अंगणात आहे. कोंबडीला माणसासारखा स्नायूंचा पडदा नसतो आणि तिच्या हृदयाचे टोक यकृताच्या दोन पाळ्यांमध्ये रुतलेले असते. काळजाच्या जागी काळीज, शब्दशः. एकदा हे मनात आल्यावर मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली आणि मला जागोजागी कोंबडीच दिसू लागली. १९६६ सालच्या एका भागात डॉक्टर मकॉय स्पॉकची नाडी २४२ असल्याचे सांगतात. गायीची नाडी मिनिटाला साठ ते ऐंशी आणि माणसाची बहात्तरच्या आसपास, पण कोंबडीची सहज अडीचशे ते तीनशे असते. १९६७ सालच्या भागात तीव्र प्रकाशाने आंधळा झालेला स्पॉक डोळ्यातल्या आतल्या पापणीमुळे वाचतो. धूळ उडाली की कोंबडीच्या डोळ्यावर आडवी सरकणारी पांढुरकी पापणी तू लहानपणी तासन्‌तास पाहत बसायचीस.

व्हल्कन ग्रह उष्ण, कोरडा आणि विरळ हवेचा आहे, हेही इथे जुळते. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि सोबत हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे विरळ हवेतला प्राणवायू त्याला आपल्यापेक्षा चांगला घेता येतो. हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर येणारे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडतात ते याच बळावर. पक्ष्याची लघवी पांढऱ्या लगद्यासारखी पडते, तिच्यात पाणी फारसे वाया जात नाही. तुम्ही मूत्रपिंडांवर चार पाने खर्च केलीत, तिथे एवढे एक वाक्य पुरले असते. शिवाय कोंबडीचे अंगच मुळात ४१ अंशांच्या पुढे तापलेले असते. अर्थात वैशाखात पारा ४५ वर गेला की तिलाही घाम येत नसल्यामुळे ती चोच उघडून धापा टाकते आणि तुझी आई खुराड्यावर ओले बारदाने टाकते, तेव्हा व्हल्कनांनीही तिथे काही सोय केली असेलच.

आता माझ्या तर्कातले भोक. स्पॉकचे रक्त माणसासारखे लोहाचे नसून तांब्याचे आणि म्हणून हिरवे, असे मालिका सांगते. त्याचा रक्तदाब जवळजवळ नाहीच, असेही मकॉय म्हणतात, आणि कोंबडीचा रक्तदाब तर माणसापेक्षा जास्त असतो. कमी दाब आणि तांब्याचे रक्त या दोन गोष्टी एकत्र सापडतात त्या नाल्यातल्या खेकड्यात, कारण त्याचे रक्त नळ्यांत बंदिस्त नसून अवयवांभोवती मोकळे खेळते. पण ते तांब्याचे रक्त प्राणवायू मिळाल्यावर निळे होते, हिरवे नाही, ही चूक तुमच्या वहीतल्या जांभळ्या शाईवालीने बरोबर पकडली आहे. तिला माझी शाबासकी सांग. शिवाय तेवढ्याच रक्तात ते लोहाच्या रक्ताइतका प्राणवायू वाहून नेत नाही, म्हणजे विरळ हवेच्या ग्रहावर हा सौदा तोट्याचाच. हिरवा रंगच हवा असेल तर न्यू गिनी बेटावर हिरव्या रक्ताचे सरडे आहेत. त्यांच्या रक्तात लोहच असते, फक्त पित्तातला हिरवा रंग इतका साठतो की लाल दिसतच नाही. मी असतो तर तांबे सोडून पित्त धरले असते, पण मालिकेने तांबे म्हटले आहे, आणि तुम्ही मालिकेबाहेर जायचे नाही असे ठरवले आहे.

स्पॉकच्या जन्माविषयीचे पान मात्र मला पटले नाही. आई माणूस आणि बाप व्हल्कन हे तुम्ही घोडी आणि गाढवापासून होणाऱ्या खेचराच्या उदाहरणावर निभावून नेले आहे. घोड्याची गुणसूत्रे ६४ आणि गाढवाची ६२, ती दोघे नात्यातलीच आहेत. आपली गवळाऊ गाय आणि नागपुरी म्हैस एका दावणीला जन्म काढतात, तरी त्यांचे कधी वासरू झाले नाही, कारण एकीची गुणसूत्रे ६० आणि दुसरीची ५०. तिथे दोन वेगळ्या ग्रहांवरच्या, वेगळ्या धातूच्या रक्तांची काय कथा! ते पान कोरे ठेव किंवा मालिकेच्या पदरात टाक.

रविवारी पाहुणे येणार आहेत, त्यामुळे कोंबडी कापली जाईलच. यकृताच्या पाळ्या बाजूला न करता हृदयाचा फोटो काढून तुला पाठवतो. चित्र त्यावरूनच काढ, आणि पेन्सिलीने काढ.

तुझे,
बाबा