आई-बाबा, पासपोर्टबद्दल थोडं

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा गप्प झाले आणि आई, तू लगेच मोहोराचा विषय काढलास, तेव्हाच कळलं की जयू बोलली आहे. मलाच सांगायचं होतं, पण समोर बसून. असो. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मी दिला आहे. ३३ प्रश्नांची परीक्षा झाली (१७ बरोबर आले की पास), भाषेचा दाखला होताच, २५५ युरो फी भरली. अर्जाच्या निकालाला कदाचित वर्षही लागेल, त्यामुळे आज काहीच बदललेलं नाही.

बाबा, तुमचं म्हणणं जयूने सांगितलं. ‘जिथे ती माणसं निवडून येतायत तिथलंच नागरिकत्व कशाला? म्युनिकला जा, नाहीतर घरी ये.’ प्रश्न वाजवी आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत आफडे (AfD) या परक्यांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला देशभरात २०.८ टक्के मतं पडली, आमच्या सॅक्सनी राज्यात ३७.३. आमच्या ग्योर्लिट्झ गावचा खासदार तिनो क्रुपाला त्या पक्षाचा सहअध्यक्ष आहे. २०१७ मध्ये त्याने इथेच हरवलेला मिखाएल क्रेचमर आज राज्याचा मुख्यमंत्री आहे. पण त्याच गावाने २०१९ मध्ये आफडेचा उमेदवार पाडून रुमानियात जन्मलेल्या ओक्ताव्हियान उर्सूला महापौर केलं, हेही लक्षात घ्या.

टीव्हीवाले म्हणतात, परके फार आले म्हणून लोक चिडले. देशात परदेशी नागरिक साधारण पंधरा टक्के, सॅक्सनीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे जिथे बाहेरचे कमी तिथेच राग जास्त. माझ्या मते खरी जखम आलेल्यांची नाही, गेलेल्यांची आहे. १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर इथले, म्हणजे पूर्वेचे, सरकारी कारखाने त्रॉयहांड नावाच्या संस्थेकडे गेले, चार वर्षांत बहुतेक विकले तरी गेले किंवा बंद पडले. तरुण पश्चिमेकडे गेले, त्यातही मुली जास्त. १९९४ मध्ये पूर्वेचा जननदर बाईमागे ०.७७ वर आला. ग्योर्लिट्झ १९९० च्या सुमारास सत्तर हजारांवर होतं, आता छपन्न हजारांच्या आसपास आहे. आपल्या वाडीतली कुलूप लावलेली घरं आठवा, तसंच. फक्त इथले चाकरमानी गणपतीलाही येत नाहीत. मागे राहिलेल्याला वाटतं आपल्याला कोणी विचारत नाही. अशा माणसाला ‘दोष बाहेरच्यांचा’ असं कोणी ठणकावून सांगितलं की ते पटतं. हे समर्थन नाही हं, बाबा. त्या पक्षाच्या राज्य शाखेला सॅक्सनीच्या गुप्तवार्ता खात्याने डिसेंबर २०२३ मध्येच अतिउजवी ठरवलं आहे.

आता तुमच्या आवडीचा भाग, तुम्ही विधानसभेची आकडेमोड वहीत करता म्हणून. तुम्हाला भीती रस्त्यावरच्या टोळक्यांची आहे. तीही आहेच, पण मला जास्त काळजी सभागृहाची वाटते. शेजारच्या थुरिंगियात २०२४ मध्ये त्यांना ८८ पैकी ३२ जागा मिळाल्या. एक तृतीयांशाहून जास्त, म्हणजे जिथे दोन तृतीयांश मतं लागतात तिथे ते नुसतं ‘नाही’ म्हणून काम अडवू शकतात. घटनादुरुस्ती आणि घटना न्यायालयाचे न्यायाधीश, दोन्ही त्यात आले. पहिल्याच बैठकीत ज्येष्ठ सदस्य म्हणून अध्यक्षस्थानी बसलेला त्यांचा माणूस बाकीच्यांचे प्रस्ताव मताला टाकेना. राज्याच्या घटना न्यायालयाला मध्ये पडावं लागलं, तेव्हा दोन दिवसांनी सभापती निवडला गेला. सॅक्सनीत त्याच महिन्यात १२० पैकी ४१ जागा आधी जाहीर झाल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की जागावाटपाच्या सॉफ्टवेअरचा हिशेब चुकला होता, खऱ्या ४०. उरल्या ८०, बरोबर दोन तृतीयांश. एका खुर्चीने वाचलं. पुढची निवडणूक २०२९ ला आहे.

म्हणून अर्ज. इतकी वर्षं कर भरून त्या एका खुर्चीबाबत माझं मत शून्य. शिवाय मूळच्या परदेशी लोकांना ‘परत पाठवण्याची’ भाषा हा पक्ष उघड करतो, आणि निवासाचा परवाना हा शेवटी कायदा बदलला की बदलणारा कागद. नागरिकत्व काढून घेता येत नाही, हे इथल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात आहे. म्युनिकला घरभाडं कितीतरी जास्त, आणि माझं काम इथेच वाढतंय: कोळसा २०३८ पर्यंत बंद करायचा, त्याच्या भरपाईच्या पैशातून ग्योर्लिट्झला खगोलभौतिकीचं राष्ट्रीय केंद्र उभं राहतंय. मी फार समजावतेय ना? कळतंय मला.

भारतीय पासपोर्ट मात्र जाणार. जर्मनीची हरकत नाही, पण आपला कायदा दुसरं नागरिकत्व चालवून घेत नाही. जर्मन नागरिकत्वाचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी भारतीय नागरिकत्व संपतं; त्यानंतर जुन्या पासपोर्टवर प्रवास केला तर गुन्हा. क्रम असा: जर्मन पासपोर्ट, मग बर्लिनच्या दूतावासात जुना परत करून तसा दाखला, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते). सगळं मिळून दोन-तीन महिने धरा. म्हणून ते पत्र घ्यायची तारीख मी दिवाळीनंतरची मागणार आहे. दिवाळीला मी नेहमीसारखीच येणार, आई, फराळाचं घाईने कोणाला सांगू नकोस. ओसीआयवर हवं तेव्हा, हवं तितके दिवस राहता येतं. मतदान मात्र नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

आणि यावरून एक काम. बाबा, कोकणातली जमीन माझ्या नावे बक्षीसपत्राने करायचं मनात आहे ना, ते करू नका. ओसीआयवाल्याला शेतजमीन बक्षीस देता येत नाही, वारसाने मात्र मिळते. तेव्हा साधं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, साक्षीदार जयू किंवा मी नको. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. आत्याच्या वेळचं पुन्हा नको. आई, ही ओळ वाचून डोळे पुसत बसू नकोस, कागदाची गोष्ट आहे.

इथे माझं ठीक आहे. घरात हिवाळ्यात वीस-एकवीस अंश असतात, तुझी शाल मी सवयीने घेते. तूरडाळ ड्रेस्डेनहून दहा किलो आणते. पाकिटावर चाळीस टक्के फॅट लिहिलेला क्वार्क (इथलं मऊ, ताजं चीज) फडक्यात तीन-चार तास टांगला की चक्का होतो, श्रीखंडाला तुझ्यापेक्षा थोडं आंबट लागतं. सोमवारी संध्याकाळी चौकात मोर्चा असला की मी दुसऱ्या रस्त्याने येते. वेळ ठरलेली असते, पोलीस असतात. रात्री उशिरा एकटी ट्रॅमने येत नाही. ताप आला की मात्र अजून कपाळावर तुझाच हात हवा असतो, त्याला कुठला पासपोर्ट काय करणार!

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. आकडे आठवड्यातून दोनदा वहीत, निवडणुकीच्या पानांमागे लिहिलेत तरी चालतील. माळ्यावर चढायचं नाही, दोघांनीही. आई, गुडघ्याचा पट्टा झोपताना काढ. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचाय. बँकेत रांगेत उभं राहू नका, मी दिवाळीत आले की फोनवरून चेहरा दाखवून करू. फक्त आधार आणि पेन्शनचं पुस्तक एका पिशवीत ठेवा, आणि पिशवी कुठे ठेवलीत ते दोघांनाही माहीत असू दे.

बाबा, रागावला असाल तर फोनवर रागवा, गप्प राहू नका. रविवारी तुमच्या साडेअकराला करते.

तुमची,
मनू